पर्वरीचा फ्लॅट विकताना: खताची तारीख नवी, आतला दर जुना

गोव्यात पर्वरी, म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही जुना फ्लॅट विकायला काढणार असाल आणि एजंट 'हल्लीच झालेले व्यवहार' म्हणून सेल डीडचे, म्हणजे विक्रीखतांचे, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत असेल, तर सही करण्याआधी हे वाचा. आमचे 22 लाख रुपये असेच गेले.

फ्लॅट पर्वरीत, दोन बेडरूमचा, बाबांनी 2004 साली घेतलेला. बाबांच्या मागे तो दादाच्या आणि माझ्या वाट्याला आला. दादा फोंड्याला, मी डिचोलीला. तिथे राहायला कोणीच जाणार नव्हतं, म्हणून विकायचं ठरलं. गोव्याच्या कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, त्यामुळे वहिनी आणि माझे यजमान धरून खतावर चौघांच्या सह्या लागणार होत्या. एजंटाने पहिला सूर इथेच लावला. "चार सह्यांचं घर म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, बाय. दर थोडा सोडावा लागतो." म्हापशाच्या सबरजिस्ट्रार कचेरीत एक सकाळ बसून बघा, वारसांच्या रांगाच्या रांगा सह्या करत असतात. कोणी बिचकत नाही.

दुसरा सूर पर्वरीत चालू असलेल्या उड्डाणपुलाच्या कामाचा. 2025 च्या पावसाळ्यात जो पर्वरीतून गेला असेल त्याला वेगळं सांगायला नको. महामार्ग खणलेला, ऊन पडलं की धूळ, पाऊस पडला की चिखल, खाप्रेश्वराचा वडसुद्धा त्याच मार्चमध्ये जागचा हलवलेला. "इथे आता कोण येतो घर घ्यायला?" हा त्याचा सवाल. वाहतुकीचे हाल खरेच होते, म्हणून तर त्याचं बोलणं पटत गेलं. पण काम चालू असेपर्यंतचा त्रास आणि काम संपल्यावरची किंमत यांतला फरक घेणाऱ्याला चांगला कळतो. घेणारा दहा-वीस वर्षांचा हिशेब करून येतो. त्यातून पावसात गोव्यात गिऱ्हाईक तसंही कमीच फिरतं, आणि पुढे पितृपक्ष. जून-जुलैतली सामसूम दाखवून वर्षाचा भाव सांगणारा माणूस ओळखून असावा.

मग एक वर्तमानपत्राचं कात्रण आलं: देशात घरांच्या किमतींची वाढ मंदावली. वाढ मंदावली म्हणजे किमती वाढतच होत्या, फक्त हळू. ते कात्रण दाखवताना त्याने मान अशी हलवली की किमती उतरल्या असंच वाटावं. शिवाय असे आकडे मोठ्या शहरांचे असतात. रिझर्व्ह बँक घरांच्या किमतींचा तिमाही निर्देशांक काढते, त्यात ठराविक मोठी शहरं आहेत, पर्वरी-म्हापसा नाही. कर्ज महाग झालंय हेही त्याने ठोकून दिलं. प्रत्यक्षात त्याच वर्षी फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या व्याजाने बँकांना पैसे देते तो दर, 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला होता.

एवढ्यावर दादा बधला नसता. तो बँकेतून निवृत्त झालेला, कागद मागणारा माणूस. म्हणून कागद आले. जवळपासच्या फ्लॅटची तीन सेल डीड, तिन्ही 2024 ची. प्रत्येकाचं पहिलं पान, रकमेचं पान आणि सह्या-शिक्क्यांचं शेवटचं पान. भागाकार केला तर दर चौरस मीटरला 58 हजारांच्या आसपास. घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलवर लोक लाखाच्या पुढे मागत होते, त्यावर उत्तर तयार होतं: "मागायला काय जातंय? मिळतं ते हे, सरकारी शिक्क्याचं." इथेही अर्धं खरं. जाहिरातीतला भाव हा मागण्याचा भाव असतो, झालेल्या सौद्याचा नव्हे, हे मीही मान्य करते.

त्या तिन्ही खतांच्या प्रमाणित नकला आम्ही पुढे म्हापशाहून काढल्या. नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मालमत्तेच्या खतांचं पुस्तक, म्हणजे पुस्तक क्रमांक 1, फी भरून कोणालाही पाहता येतं आणि त्याची नक्कल मिळते. तुमचा त्या व्यवहाराशी संबंध असायलाच हवा असं नाही. फोटोत नसलेली मधली पानं वाचली आणि डोळे उघडले. दोन खतांत तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं की खरेदीचा करार 2017 साली झाला आणि रक्कम हप्त्याहप्त्याने मिळाली. बिल्डरकडून बुकिंग करणाऱ्यांचं असंच होतं. भाव बुकिंगच्या दिवशी ठरतो, इमारत रखडते, सोसायटीचे घोळ होतात आणि सेल डीड कित्येक वर्षांनी होतं. शिक्का 2024 चा, भाव 2017 चा. तिसरं खत तर भावाने बहिणीला विकलेल्या अर्ध्या हिश्श्याचं. अर्ध्या फ्लॅटची रक्कम पुऱ्या फ्लॅटच्या क्षेत्रफळाने भागून आमच्यापुढे ठेवली होती.

58 हजारांची सवय लावून झाल्यावर तो 'हौशी पार्टी' घेऊन आला. पार्टी चौरस मीटरला 80 हजार द्यायला तयार! वहिनीने देवापुढे साखर ठेवली. एजंट टेप घेऊन आला, खोली-खोली मोजली, कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, 78 चौरस मीटर निघाला. "रेरा आल्यापासून कार्पेटच धरायचं असतं." 78 गुणिले 80 हजार, 62 लाख 40 हजार, ठरले 62 लाख.

रेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांचा कायदा, त्याचा हा नियम नव्या प्रकल्पात बिल्डरने विकायच्या घरांना आहे, हे त्याने गाळलं. आमच्या बाबांच्या खतात क्षेत्रफळ सुपर बिल्टअप लिहिलंय, 104 चौरस मीटर, जिना आणि लॉबीचा वाटा धरून. आमच्या मागच्या जुन्या इमारतीत फ्लॅट जो 80 हजाराने जात होता तो सुपर बिल्टअपवर. म्हणजे दर एका मापाचा आणि गुणाकार दुसऱ्या मापाने. तो दर त्याच्याच मापाने गुणला तर 83 लाख 20 हजार होतात. दराचा आकडा कानावर पडला की कोणत्या तारखेचा आणि कोणत्या क्षेत्रफळावर, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही.

करार 5 लाख आगाऊ घेऊन झाला. मुदत सहा महिन्यांची, आणि 'खरेदीदार किंवा त्याने सुचवलेली व्यक्ती' असे शब्द. किल्ली एजंटाने 'बँकेच्या व्हॅल्युअरला दाखवायला' म्हणून मागून घेतली.

नंतर एकदा समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंचा फोन आला: "अगं, पुण्याचं एक जोडपं येऊन गेलं, पडद्यांचं माप घेत होते. चांगली माणसं वाटली हो." आमचा खरेदीदार तर पेडण्याचा! एजंटाला विचारलं तर म्हणाला, त्याचे नातेवाईक असतील.

सेल डीडचा मसुदा आमच्या हाती आला तो नोंदणीच्या आदल्या संध्याकाळी. खरेदीदार म्हणून पुण्याच्या जोडप्याचं नाव. पेडण्याचा गृहस्थ तिसऱ्या रकान्यात, 'कन्फर्मिंग पार्टी' म्हणून, म्हणजे आपला आधीचा हक्क सोडून व्यवहाराला संमती देणारा. दादाने चष्मा पुसून रकमेचं कलम मोठ्याने वाचलं: एकूण किंमत 84 लाख, पैकी विक्रेत्यांना 62 लाख, कन्फर्मिंग पार्टीला 22 लाख. वहिनी म्हणाली, पुन्हा वाचा. तो पेडण्याचा गृहस्थ एजंटाचा मेहुणा, हे दुसऱ्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात कळलं.

वकिलाचं म्हणणं सरळ होतं. करारावर चौघांच्या सह्या, दुसऱ्याला सुचवायचा हक्क लिहून दिलेला, मुदत संपलेली नाही. नाही म्हटलंत तर तोच करार घेऊन ते कोर्टात जातील, आणि तोवर फ्लॅट अडकून पडेल. आम्ही सह्या केल्या. पुण्याच्या जोडप्याचा यात काही दोष नाही. त्यांना सांगितलं होतं की मालक 84 च्या खाली यायला तयारच नाहीत. दलाली एजंटाने त्यांच्याकडूनही 2 टक्के घेतली आणि आमच्याकडूनही. पोलिसांनी दिवाणी बाब म्हणून हात वर केले. वकिलाने पाठवलेल्या नोटिशीला उत्तर आलं ते असं की किंमत तुम्ही राजीखुशीने मान्य केलीत, बाजारात चढउतार चालायचेच.

आता मावसभाऊ म्हापशातला फ्लॅट काढतोय. त्याने आधी बँकेच्या पॅनेलवरच्या व्हॅल्युअरला फी देऊन लेखी मूल्यांकन करून घेतलं आणि त्याच आळीतल्या चार खतांच्या नकला काढून पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्या. एक पार्टी आली, भावही बरा देत होती. वकिलाने अ‍ॅग्रीमेंटमधले 'किंवा त्याने सुचवलेली व्यक्ती' हे शब्द खोडले, मुदत दोन महिन्यांवर आणली आणि किल्ली सेल डीडच्या दिवशीच मिळेल असं लिहिलं. मसुदा पाठवल्यापासून ती पार्टी फोन उचलत नाही.