तापणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: आधी डिपस्टिक की स्कॅनर?

जुनी ऑटोमॅटिक गाडी घाटात गिअर उशिरा टाकू लागली की बहुतेक जण थेट स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावायला धावतात. मी आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे त्यातलं ऑइल तपासायची पट्टी, ओढतो. नवं ऑइल बहुधा लाल आणि पारदर्शक असतं. तपकिरी होऊन जळका वास आला, तर ते तापून खराब झालंय. गुलाबी दुधाळ दिसलं तर गाडी चालवूच नका. बहुधा रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट आत शिरलंय. पातळी मात्र मॅन्युअलप्रमाणेच पाहा, कारण बऱ्याच गाड्यांत ती गरम ऑइलवर, इंजिन चालू ठेवून बघतात, तर काहींत बंद करून.

डिपस्टिक नुकसान दाखवते, पण ऑइल कधी तापतं हे सांगत नाही. तिथे स्कॅनर हवा. गिअरबॉक्स ऑइलचं तापमान साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस ठीक. १२० च्या वर टिकलं तर चिंतेची बाब. सपाट रस्त्यावर स्थिर वेगातही टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नसेल, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजू थेट जोडल्या जात नसतील, तर उष्णता बहुधा तिथूनच येते. फक्त स्वस्त स्कॅनर अनेकदा इंजिनचंच तापमान दाखवतो, गिअरबॉक्सचं नाही. विकत घेण्यापूर्वी हे नक्की विचारा.