वादनाचं रेकॉर्डिंग: नुसता आवाज की व्हिडिओ?

हौशी पियानोवादनाचं रेकॉर्डिंग अभिप्रायासाठी पाठवायचं तर मी व्हिडिओच निवडेन. नुसत्या आवाजात ऐकणाऱ्याचं लक्ष सुरांवर आणि लयीवर राहतं, हे खरं. डाव्या हाताची साथ उजव्या हाताच्या सुरावटीवर चढते का, तेही पटकन कळतं. पण सूर लांबवणारं पायाखालचं पेडल बदलायला, म्हणजे सोडून पुन्हा दाबायला, उशीर झाला की सूर एकमेकांत मिसळतात. नुसता आवाज ऐकणारा ‘इथे गढूळ वाटतंय’ एवढंच सांगेल. बाजूने घेतलेल्या व्हिडिओत मात्र पाय कधी उचलला, मनगट कुठे ताठरलं, अवघड जागा जवळ येताच खांदे कसे वर गेले, सगळं दिसतं. शिक्षकांना नेमकं तेच हवं असतं. एक अडचण दोन्हीकडे सारखीच: बरेच फोन हळुवार आणि जोरकस सुरांमधला फरक आपोआप कमी करून टाकतात.