मुलांसाठी जुनी म्युझिकल्स: आधी कोणतं लावायचं?

मुलांना जुन्या हॉलिवूड म्युझिकल्सची ओळख करून द्यायची म्हटलं की पहिलं नाव येतं 'द साउंड ऑफ म्युझिक'चं (१९६५). सिनेमा फार सुंदर आहे, पण पहिला म्हणून लावू नका. तो १७४ मिनिटांचा आहे.

सुरुवात 'सिंगिंग इन द रेन'नं (१९५२, १०३ मिनिटं) करावी. इंग्रजी न समजणारं मूलही यात हसतं, कारण गंमत शरीरात आहे. यातला विनोदी नट डोनाल्ड ओ'कॉनर भिंतीवर धावत चढतो, उलटी कोलांटी मारून खाली येतो, पुन्हा तेच करतो आणि शेवटी भिंतच फोडून पलीकडे जातो. झुडपात लपवलेल्या माइकचा प्रसंग तर मुलं परत परत लावायला सांगतात. त्याआधी एवढंच सांगून ठेवा, की पूर्वी सिनेमात माणसं बोललेली ऐकू येत नसत. शेवटाकडचा लांबलचक बॅले मात्र कथेला थांबवतो. लहानांची चुळबुळ तिथंच सुरू होते. तो पुढे ढकलला तरी गोष्टीतलं काही सुटत नाही.

'द विझर्ड ऑफ ऑझ'चा (१९३९) सुरुवातीचा तपकिरी भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळला जातो. तसं अजिबात करू नका. नायिका डोरोथी दार उघडते आणि बाहेर सगळे रंग दिसतात, त्या क्षणाची जादू आधीच्या त्या तपकिरी मिनिटांवरच उभी आहे. खरी अडचण आहे ती चेटकीण आणि उडणाऱ्या माकडांची. घाबरट मुलाला हा सिनेमा दिवसाउजेडी, शेजारी बसून दाखवावा.

'मेरी पॉपिन्स' (१९६४, १३९ मिनिटं) दोन दिवसांत विभागा. खडूच्या चित्रातली सफर संपते, घरी आल्यावर मुलांना अंगाई ऐकवून झोपवलं जातं, तिथं थांबायचं. दुसऱ्या दिवशीचा बँकेचा भाग रेंगाळतो, पण छपरांवरचा धुराडी साफ करणाऱ्यांचा नाच त्याची पुरेपूर भरपाई करतो.

'साउंड ऑफ म्युझिक'ही असाच तोडावा. मुलांना सांभाळायला आलेली मारिया गुपचूप घर सोडून जाते तिथं मूळ सिनेमातच मध्यंतर आहे. उत्तरार्धाआधी सांगावं, की १९३८ मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळंकृत केला. नाहीतर हे कुटुंब पळून का जातंय हेच मुलांना उमगत नाही.

'ऑलिव्हर!' (१९६८) पोस्टरवरून मुलांचा वाटतो, पण त्यात नॅन्सी या पात्राचा खून आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत थांबलेलं बरं. 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) त्याहूनही उशिरा.

आता टीव्हीकडे बघा. 'ऑझ' आणि 'सिंगिंग इन द रेन' जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित झालेत, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. त्या घालवायला झूम केलं की चित्र वरून-खालून कापलं जातं आणि पहिले जातात ते नाचणाऱ्यांचे पाय. 'सिंगिंग इन द रेन'चा नायक जीन केली, त्याचे पायच दिसणार नसतील तर उरलं काय! वाइड केलं तर माणसं बुटकी, फुगलेली दिसतात. पिक्चर साइज 'ओरिजिनल'वर ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारं मोशन सेटिंगही बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो.