हॅमिश मॅकबेथ की शेटलंड? स्कॉटलंडच्या गावातल्या खुनांची सुरुवात कुठून करायची

स्कॉटलंडच्या एवढ्याशा गावात घडणाऱ्या डिटेक्टिव्ह गोष्टी वाचायच्यात पण आधी काय घेऊ, असं कोणी विचारलं की दोन नावं हमखास पुढे येतात. एम. सी. बीटनची हॅमिश मॅकबेथ आणि अ‍ॅन क्लीव्ह्जची शेटलंड. वरवर बघितलं तर मसाला तोच आहे, म्हणजे समुद्र, पाऊस, मेंढ्या, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत आणि त्यांच्यातलाच एक पोलीसवाला. पण एक संपवून लगेच दुसरी हातात घेतली तर अक्षरशः गार पाणी अंगावर आल्यासारखं होतं.

माझ्या मते खरा फरक खुनात किंवा तपासात नाहीये, गावात आहे. हॅमिशच्या गावात मरणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरून आलेला आणि चार दिवसात सगळ्यांना नकोसा झालेला असतो, त्यामुळे तो गेला तर गावाला दुःख कमी आणि उत्सुकता जास्त. शेटलंडमध्ये खून झाला की गाव एकमेकांकडे बघायला लागतं, आणि पुस्तक संपलं तरी ते बघणं काही थांबत नाही. यातलं कुठलं गाव तुम्हाला झेपेल ते आधी ठरवा.

हॅमिशचं लॉखडू हे गाव काल्पनिक आहे पण ते जिथे आहे ते सदरलंड खरं, स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या अगदी वरच्या टोकाचा, माणसं कमी आणि डोंगर जास्त असलेला भाग. बीटन हे टोपणनाव, बाईंचं खरं नाव मॅरियन चेस्नी, मूळच्या ग्लासगोच्या. त्या नवऱ्याबरोबर त्या भागात मासेमारी शिकवणाऱ्या एका क्लासला गेल्या होत्या आणि तिथेच त्यांना सुचलं की अशा ठिकाणी खून झाला तर किती मजा येईल. १९८५ मध्ये पहिलं पुस्तक आलं, डेथ ऑफ अ गॉसिप, आणि त्यात तेच आहे. गळ टाकायला शिकायला आलेली शहरी मंडळी, त्यांच्यात एक लेडी जेन जिला प्रत्येकाचं झाकून ठेवलेलं काहीतरी माहीत आहे आणि जी ते जेवणाच्या टेबलावर हळूच उघडं करत राहते, आणि या सगळ्यात फुकटची कॉफी मिळते का बघत घुटमळणारा गावचा कॉन्स्टेबल, उंच, लालकेशी, युनिफॉर्म जुनाट.

हा हॅमिश म्हणजे मालिकेचा प्राण आहे. कोंबड्या पाळतो, मेंढ्या पाळतो, स्वतः पोलीस असून दुसऱ्याच्या नदीतला सामन मासा गुपचूप पकडतो. कंजूष वाटतो, पण कारण पुढे कळतं. हा घरातला थोरला आणि मागे भावंडांची रांग, त्यामुळे पगारातले पैसे गावी आईवडिलांकडे जातात आणि स्वतःचं लग्न लांबतं. हे वाचताना मला तरी स्कॉटलंड फार लांबचं वाटलं नाही. आणि त्याची सगळ्यात मोठी धडपड खुनी पकडण्याची नसतेच, बढती टाळण्याची असते, कारण बढती म्हणजे गाव सोडून स्ट्रॅथबेन या शहरात बदली. म्हणून केस सोडवायची आणि श्रेय त्या आरडाओरडा करणाऱ्या चीफ इन्स्पेक्टर ब्लेअरच्या पदरात टाकून मोकळं व्हायचं. बदली रद्द करून घेण्यासाठी लोक काय काय खटपटी करतात हे ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना हॅमिश पहिल्या वीस पानात कळेल.

बाकी गावही मस्त आहे. नेसी आणि जेसी या करी बहिणी, म्हाताऱ्या, अविवाहित, नाक सगळीकडे खुपसणाऱ्या, त्यातली जेसी स्वतःच्याच वाक्याचे शेवटचे शब्द परत परत म्हणते. डॉक्टरांची बायको अँजेला आहे. आणि प्रिसिला, वरच्या कॅसलमधली श्रीमंत घरातली मुलगी, जिच्यावर हॅमिशचा जीव आहे आणि ज्याचं पुढे काय होतं हा प्रश्न बीटनबाई पुस्तकामागून पुस्तक ताणतात. इतकं ताणतात की एका टप्प्यावर मला वैताग आला.

आता उणी बाजू. पुस्तकं तीसच्या वर आहेत आणि सगळी एका दर्जाची नाहीत. नव्वदच्या दशकाच्या साधारण मध्यापर्यंतची घट्ट आहेत, नंतर साचा दिसायला लागतो. नको असलेला पाहुणा येतो, गाव वैतागतं, खून, ब्लेअर चुकीच्या माणसाला धरतो, हॅमिश सोडवतो, एखादी सुंदर बाई येते आणि जाते. काही बायकांची चित्रं तर आज वाचताना खटकतात. बीटन २०१९ च्या डिसेंबरमध्ये गेल्या, त्यानंतर आर. डब्ल्यू. ग्रीन यांनी मालिका पुढे चालवलीये, पण तिथपर्यंत पोचायची घाई करू नका.

शेटलंड हा वेगळाच प्रकार आहे. ही बेटं खरी, स्कॉटलंडच्या उत्तरेला, लोकसंख्या तेवीस हजारांच्या आसपास. अ‍ॅबर्डीनहून रात्रीच्या फेरीबोटीने निघालं तर सकाळी लर्विक, म्हणजे तिथलं मुख्य गाव येतं, आणि धुकं उतरलं की विमानं बंद. हे सगळं कथेत नुसती सजावट म्हणून येत नाही. मोठी केस झाली की मुख्य भूमीवरच्या इनव्हरनेसहून टीम यावी लागते, ती अडकली की सगळा भार जिमी पेरेझ या इथल्या डिटेक्टिव्हवर. शिवाय स्कॉटलंडमध्ये तपासावर प्रोक्युरेटर फिस्कल नावाच्या सरकारी वकिलाचं लक्ष असतं, त्यामुळे पोलीस आणि फिस्कल यांच्यातली ओढाताणही येते. हॅमिशमध्ये असल्या गोष्टींना कोणी फारसं विचारत नाही.

पेरेझ हे आडनाव ऐकून दचकू नका. तो फेअर आयल या शेटलंडमधल्याच छोट्या बेटाचा, आणि १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातलं एल ग्रान ग्रिफोन हे जहाज खरोखर त्या बेटावर फुटलं होतं, त्यातल्या कोणाचा तरी वंशज अशी त्याच्या घराण्याची समजूत. क्लीव्ह्ज स्वतः तरुणपणी कॉलेज सोडून फेअर आयलच्या पक्षीनिरीक्षण केंद्रात स्वयंपाकघरात कामाला गेल्या होत्या, नवराही तिथेच भेटला, पक्षी बघायला आलेला. म्हणून चौथ्या पुस्तकात, ब्लू लायटनिंगमध्ये, वादळात अडकलेलं ते केंद्र इतकं खरं उतरलंय की खिडकीच्या काचा थरथरताना ऐकू येतात.

पण सुरुवात रेव्हन ब्लॅकनेच करायची, २००६ चं पहिलं पुस्तक, त्या वर्षीचा ब्रिटिश क्राइम रायटर्सचा सर्वात मोठा पुरस्कार मिळालेलं. त्याची पहिली काही पानं आठवली तरी मला अजून कसंतरी होतं. नवीन वर्षाची रात्र, मॅग्नस टेट नावाचा एकटा म्हातारा, कोणी शुभेच्छा द्यायला आलंच तर असावं म्हणून बाटली आणि केक तयार ठेवून बसलाय, आणि त्याच्याकडे कोणी येत नाही कारण काही वर्षांपूर्वी एक लहान मुलगी नाहीशी झाली तेव्हापासून गावाने मनातल्या मनात त्याला दोषी ठरवून टाकलंय. त्या रात्री दोन शाळकरी मुली थट्टेत दार वाजवतात. थोड्याच दिवसात त्यातली एक बर्फात मेलेली सापडते आणि गाव लगेच बोट दाखवतं. पुढे सगळं पुस्तक खुनी कोण यावर कमी आणि एखाद्याला वाळीत टाकणं किती सहज घडतं यावर जास्त चालतं, आणि शेवट येतो अप हेली आ या जानेवारीच्या शेवटी होणाऱ्या मशालींच्या उत्सवाच्या गर्दीत.

पेरेझ हॅमिशसारखा मिश्कील नाही. तो समोरच्याचं ऐकून घेतो, इतकं ऐकून घेतो की संशयिताचं दुःखही घरी घेऊन जातो. काहींना तो रडका वाटतो, मला नाही वाटला. वेग मात्र मंद आहे हे मान्य करायलाच हवं. तिसऱ्या पुस्तकात, रेड बोन्समध्ये, व्हॉल्सी बेटावरचं उत्खनन, तिथल्या मासेमारी कुटुंबांतली श्रीमंती आणि जळफळाट, दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेला ये-जा करणाऱ्या होड्यांच्या जुन्या गोष्टी असं सगळं हळूहळू साचत जातं, आणि ज्यांना पन्नासाव्या पानावर दुसरा खून लागतो त्यांनी या वाटेला जाऊ नये.

व्यवहाराचं बोलायचं तर हॅमिशचं पुस्तक लहानसं, सुट्टीच्या दिवशी दुपारी सुरू केलं तर रात्री संपतं, इंग्रजी सोपं, रक्तपात फारसा नाही, घरातल्या कॉलेजच्या पोरांना किंवा आईबाबांना बिनधास्त द्या. क्रम पाळला तर बरं पण नाही पाळला तरी चालतं, प्रवासात मिळेल ते उचला. शेटलंड जाडजूड, मध्ये मध्ये तिथल्या बोलीतले शब्द येतात, पीरी म्हणजे लहान वगैरे, ते संदर्भाने कळतात. पण क्रम अजिबात मोडायचा नाही. पहिल्या चार पुस्तकांची एक सलग गोष्ट आहे आणि चौथ्याच्या शेवटी जे होतं ते आधी कळलं तर तिन्हीची चव जाते.

आणि इथेच टीव्हीवाल्यांसाठी धोका आहे. बीबीसीची शेटलंड मालिका २०१३ पासून चालू आहे, डग्लस हेन्शलचा पेरेझ मला आवडतो, पुस्तकातल्या काळ्या केसांच्या पेरेझसारखा तो दिसत नाही ते सोडा, पण मालिका सुरूच अशा ठिकाणाहून होते की पुस्तकातला तो मोठा धक्का आधीच फुटतो. म्हणून पुस्तकं वाचणार असाल तर निदान चार आधी वाचा मग टीव्ही. नुसती मालिकाच बघणार असाल तर काहीच हरकत नाही, हेन्शल गेल्यावर आठव्या सीझनपासून अ‍ॅशली जेन्सन आलीये आणि टॉश ही पुस्तकात नसलेली डिटेक्टिव्ह तर तिथली खरी कमाई.

हॅमिशची टीव्ही मालिका १९९५ ते १९९७ एवढीच चालली, हॅमिश म्हणून रॉबर्ट कार्लाइल, प्लॉक्टन नावाच्या सुंदर गावात शूटिंग, समुद्रकाठी चक्क पामसारखी झाडं. ती चांगली आहे पण ती बीटनची नाही, प्रिसिला नाही, विक्षिप्तपणा जास्त, आणि बाईंना स्वतःला ती आवडली नव्हती. वेगळी गोष्ट समजून बघा.

दोन्ही नको, आणखी काळोख हवा असेल तर पीटर मे यांची लुइस बेटावरची पुस्तकं आहेत, पहिलं द ब्लॅकहाउस, त्यात समुद्रातल्या उघड्या खडकावर जाऊन दरवर्षी गॅनेट पक्ष्यांची पिल्लं मारून आणायची खरीखुरी प्रथा आहे आणि ते वर्णन जेवताना वाचू नका.

मला विचाराल तर सध्या ऑफिस-घर करून डोकं शिणलेलं असेल, झोपायच्या आधी वीस पानं एवढीच ताकद असेल, तर हॅमिशची पहिली चार-पाच घ्या आणि आवडली तरी सलग दहा वाचू नका. सुट्टी असेल, पाऊस असेल, एका गोष्टीत आठवडाभर राहायची तयारी असेल तर रेव्हन ब्लॅक. मी स्वतः दुसऱ्या पक्षातली आहे, हॅमिशवर जीव असूनही. आणि दुकानात क्लीव्ह्जचंच, शेजारच्या ऑर्कनी बेटांवर घडणारं द किलिंग स्टोन्स दिसलं, २०२५ मध्ये आलेलं, पेरेझ परत आलाय वगैरे मागे लिहिलेलं, तर ते घेऊन ठेवा हवं तर, पण उघडायचं शेटलंडचं आठवं पुस्तक वाइल्ड फायर संपल्यावरच.