पागडीची खोली घ्यावी की अकरा महिन्यांचा करार करावा?

गिरगाव, लालबाग, परळ या पट्ट्यात घर शोधायला निघालात की एजंटचा दुसराच प्रश्न असतो, ‘पागडी चालेल का?’ ओनरशिपचा भाव ऐकून पडलेला तुमचा चेहरा त्याने पाहिलेला असतो. मग दोन वाटा उरतात. एकरकमी पैसे (हीच पागडी) मोजून जुन्या, कमी भाड्याच्या खोलीची भाडेपावती नावावर करून घ्यायची, नाहीतर लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठराविक मुदतीच्या करारावर राहायचं.

महिन्याच्या हिशेबात पागडीसमोर कुणीच टिकत नाही. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी 1940 च्या पातळीला बांधली. भाडी अशी गोठवून ठेवणं आता वाजवी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने म्हणेपर्यंत 1997 चा डिसेंबर उजाडला होता. पुढे 31 मार्च 2000 पासून 1999 चा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि वर्षाला 4 टक्के वाढ मिळाली. म्हणजे 2000 साली दीडशे रुपये भाडं असेल, तर 2025 मध्ये ते 400 च्या आसपास. त्यावर कर आणि दुरुस्तीचा वाटा. त्याच गल्लीतला लायसन्सवाला 30 हजार मोजत असेल, आणि दर नूतनीकरणाला त्याचा आकडा चढतो.

पण पागडीला ‘स्वस्त घर’ समजलात तर फसाल. घर तुमच्या मालकीचं होत नाही, तुम्ही भाडेकरूच राहता. पावती नावावर करून द्यायला मालक आपला हिस्सा घेतो. 1999 च्या कायद्याने हा व्यवहार उघडपणे करायला मुभा दिली, पण हिस्सा किती, हे ठरवून दिलेलं नाही. तो चहा पीत पीत ठरतो. बँका पागडीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत. पैसा स्वतःचा लागतो, आणि माझ्या मते व्याजाने काढून तर मुळीच घालू नये.

शिवाय खोली वापरायचेही नियम आहेत. सबळ कारणाशिवाय सहा महिने कुलूप राहिलं, तर मालक ताबा मागू शकतो. करारात मुभा नसताना पोटभाडेकरू ठेवला, तरी तेच. ‘घेऊन ठेवू, भाड्याने देऊ’ असा बेत असेल तर इथेच थांबा.

मग लोक पागडी घेतात कशासाठी? पुनर्विकासासाठी. सेस इमारत (म्हाडाला दुरुस्ती उपकर भरणारी जुनी इमारत) मुंबईच्या विकास नियमावलीतल्या 33(7) या पुनर्विकासाच्या नियमाखाली गेली, तर जुन्या निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट कार्पेटचं मालकीचं घर मिळतं. आज 160 फुटांची खोली आणि बाहेरचा संडास, उद्या लिफ्टवाला टॉवर. तो ‘उद्या’ मात्र बिल्डर, मालक आणि बाकीचे भाडेकरू यांच्यात अडकलेला असतो. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांत, वर्षानुवर्षं काढलेली कुटुंबं म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) नवी नाहीत. आणि जुनी इमारत नेहमी वाट बघत थांबत नाही. ऑगस्ट 2017 मध्ये भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून 33 जणांचा जीव गेला.

लायसन्सचं पारडं साधं आहे. 30 हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट असलेल्या वर्षभराच्या कराराला मुद्रांक शुल्क 925 रुपये (भाडं आणि डिपॉझिटवर 10 टक्के व्याज धरून त्याच्या पाव टक्का), नोंदणी शहरात 1000. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. ती लागते आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर उलट काही सिद्ध होईपर्यंत अटींबाबत तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. फारच थोड्यांना हे ठाऊक असतं. मुदत संपूनही हलला नाहीत, तर मात्र दुप्पट भाड्याने भरपाई बसते.

भाडे नियंत्रण कायद्याबद्दल एकाच इमारतीत तीन मतं ऐकू येतात. मालक म्हणतो, ‘भाड्यातून जिन्याचा बल्ब बदलता येत नाही.’ भाडेकरू म्हणतो, ‘आजोबांनी पागडी मोजली, तेव्हाच घराची किंमत दिली.’ दोघंही खरं बोलतात. सेस इमारती भाडेकरूंच्या सोसायटीसाठी ताब्यात घेऊ देणाऱ्या म्हाडा कायद्याच्या 8-अ प्रकरणाला मालकांनी दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे गेलं. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असा निकाल नोव्हेंबर 2024 मध्ये आला. तिसरं मत लायसन्सवाल्याचं. सगळ्यात जास्त भाडं तोच भरतो, संरक्षण त्यालाच सगळ्यात कमी, आणि चाळीच्या सभेत त्याला खुर्चीही नसते. भाडे नियंत्रणाने आधी आलेल्यांना सांभाळलं, मागून आलेल्यांना नाही. हे मला त्या कायद्याचं सगळ्यात मोठं अपयश वाटतं.

तेव्हा नोकरी बदलती असेल, मुलं लहान असतील, पैसा कर्जाचा असेल, तर लायसन्स घ्या आणि करार तीन वर्षांचा मागा. पैसा मोकळा असेल, याच वस्तीत म्हातारं व्हायची तयारी असेल आणि इमारत धडकी भरवणारी नसेल, तरच पागडी.

टोकन देण्याआधी मालकाकडे स्वतः जा. विकणाऱ्याच्या जुन्या पावत्या बघा, पावती नक्की कुणाच्या नावावर आहे ते बघा, मयत भाडेकरूच्या खोलीत त्याच्यासोबत कोण राहत होतं ते शेजाऱ्यांना विचारा. एजंट म्हणेल, ‘कशाला? ओळखीतले आहेत.’ तरी जा.