सेमिनार की आरोग्यावरचं व्याख्यान? हाती एकच तास असेल तर

एकाच गुरुवारी, एकाच वेळी, दोन वेगळ्या इमारतींत दोन कार्यक्रम. एका सूचनेवर लिहिलंय : ‘यकृताच्या दाहप्रक्रियेत एका नियामक प्रथिनाची भूमिका’. दुसरीवर : ‘लस आहे, मग गोवर का परततो?’ पहिलीतलं ‘भूमिका’ आणि दुसरीतलं प्रश्नचिन्ह एवढ्यावरून जुना श्रोता ओळखतो, की पहिला जैववैद्यकीय संशोधनाचा सेमिनार आहे आणि दुसरं सार्वजनिक आरोग्यावरचं व्याख्यान. नव्याला मात्र प्रश्न पडतो, जायचं कुठे?

दोन्हीकडे मी बरीच वर्षं मागच्या रांगेत बसत आले आहे. सुरुवातीला मलाही वाटायचं, की फरक विषयाचा आहे : इकडे पेशी आणि उंदीर, तिकडे माणसं आणि वस्त्या. हळूहळू कळलं, की फरक प्रश्न कुठे थांबतो याचा आहे. सेमिनारचा प्रश्न ‘हे कशावरून?’ इथे थांबतो. आरोग्यावरच्या व्याख्यानाचा प्रश्न ‘बरं, मग करायचं काय, आणि कोणासाठी?’ इथपर्यंत जातो. तुम्हाला सध्या यातला कुठला प्रश्न विचारायला शिकायचंय, त्यावर तुमचा तास कुठे घालवायचा हे ठरवा.

सेमिनारमध्ये नेमकं काय मिळतं

आधी सांगून टाकते, की पहिले सात-आठ सेमिनार डोक्यावरून जातील. वक्ता साधारण पंचेचाळीस मिनिटं बोलतो, उरलेला वेळ प्रश्नांना. पहिली दहा मिनिटं सगळ्यांना समजतात. मधली पंचवीस मिनिटं त्या उपविषयात काम करणाऱ्या पाच-सहा जणांसाठी असतात. बाकीचे समजल्यासारखी मान हलवतात. शेवटी निष्कर्ष, सहकाऱ्यांचा सामूहिक फोटो, आभार. मी पहिलं सबंध सत्र पानंच्या पानं टिपणं काढली. आज ती उघडली तर त्यात प्रथिनांची लघुनावं आणि बाण, बाकी काही नाही.

माझी चूक ही, की मी उत्तरं टिपत होते. टिपायला हवे होते ते प्रश्न.

एक प्रसंग सांगते. पडद्यावर दोन खांब, एक उंच आणि एक बुटका, वर ताऱ्याची खूण, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचा नसावा. औषध दिलेल्या गटात दाह निम्म्यावर आला, असं वक्ता सांगत होता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, एन (नमुनासंख्या) बरोबर तीन. प्रश्नांची वेळ आली तशी एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने विचारलं, ‘तीन म्हणजे तीन उंदीर, की एकाच उंदराच्या नमुन्याची तीनदा केलेली मोजणी?’ वक्ता थबकला. एकाच उंदराची मोजणी तीनदा केली, तर आपलं मोजमाप नेटकं आहे एवढंच कळतं. दुसऱ्या उंदरात तेच घडेल का, याबद्दल त्यातून काहीही कळत नाही. मग तिचा दुसरा प्रश्न : खांबांवरच्या त्या उभ्या रेषा प्रमाण विचलनाच्या (मोजमापं किती विखुरलीत ते सांगणाऱ्या) आहेत की प्रमाण त्रुटीच्या (सरासरी किती नेमकी ते सांगणाऱ्या)? प्रमाण त्रुटी काढताना विचलनाला नमुनासंख्येच्या वर्गमुळाने भागतात, त्यामुळे ती रेषा नेहमीच आखूड येते आणि आलेख उगाच ठाम दिसू लागतो. दोन प्रश्नांत तासभराचं व्याख्यान निम्म्यावर आलं. वक्त्याचा अपमान झाला नाही, उलट त्याने ते लिहून घेतलं. सेमिनार असतो तो यासाठी. छापून यायच्या आधी काम दहा जणांच्या दाताखालून जावं म्हणून.

म्हणून तिथे बरेचदा अप्रकाशित निष्कर्ष असतात आणि स्लाइडचे फोटो काढू नका अशी विनंती असते. ती पाळा. कोणाची दोन वर्षांची मेहनत तुमच्या फोनमधून बाहेर जायला नको.

सेमिनारमध्ये काय मिळत नाही, तेही ऐका. ‘मग हे औषध कधी येणार?’ याचं उत्तर तिथे नसतं, आणि जो वक्ता ते उत्साहाने देतो त्याच्यापासून जरा सावध राहावं. काटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या संशोधकांचा, एमआरएनएमधला (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणाऱ्या रेणूमधला) युरिडिन हा घटक बदलण्याविषयीचा शोधनिबंध २००५ मध्ये आला. त्यावर उभ्या राहिलेल्या लसी लोकांच्या दंडापर्यंत पोचल्या २०२० च्या अखेरीस, आणि नोबेल मिळालं २०२३ मध्ये. २००५ साली त्या विषयावरच्या सेमिनारला बसलेल्या कोणाला तरी महासाथ दिसली असेल का?

आणि आरोग्यावरच्या व्याख्यानात

इथे भाषा सोपी, स्लाइडवर नकाशे, माणसांचे चेहरे. पहिल्याच दिवशी सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि मला विचाराल तर धोका तिथेच आहे. सेमिनारमध्ये आपल्याला कळत नाहीये हे आपल्याला कळतं. इथे तेही कळत नाही.

उदाहरण घ्या. ‘तपासणी मोहिमेमुळे पाच वर्षं जगणाऱ्या रुग्णांचं प्रमाण वाढलं.’ टाळ्या. आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. पहिल्याला ६७ व्या वर्षी त्रास सुरू झाला, तेव्हा कर्करोग सापडला, आणि तो ७० व्या वर्षी गेला. निदानानंतर तीन वर्षं. म्हणजे ‘पाच वर्षं जगलेल्यांत’ तो नाही. दुसऱ्याचा तसाच आजार तपासणीत ६० व्या वर्षी सापडला आणि तोही ७० व्या वर्षीच गेला. निदानानंतर दहा वर्षं! आकडेवारीत हा यशस्वी. दोघांच्या आयुष्यात एका दिवसाचाही फरक नाही. दुसऱ्याने फक्त सात वर्षं जास्त रुग्ण म्हणून काढली. लवकर निदानाने जीव वाचत नाहीत असं मी म्हणत नाहीये, कित्येक वाचतात. पण ते पाहायचं तर मृत्युदर बघावा लागतो, निदानानंतरची वर्षं मोजून भागत नाही.

दुसरी गोष्ट छेदाची, अपूर्णांकातल्या खालच्या आकड्याची. ‘धोका निम्म्याने कमी’ हे वाक्य हजारात दोनशेंचे शंभर झाले तरी खरं, आणि हजारात दोनाचा एक झाला तरी खरंच. पहिल्या ठिकाणी एक माणूस वाचवायला दहा जणांवर उपचार करावे लागतात, दुसऱ्या ठिकाणी हजारांवर. खर्च, दुष्परिणाम, कर्मचाऱ्यांचा वेळ, सगळं त्या हजारांवर पसरतं. चांगला वक्ता छेद स्वतःहून सांगतो. सांगत नसेल तर हात वर करून विचारा, ‘कितीपैकी?’ एवढा एक शब्द पुरतो.

बरी व्याख्यानं मात्र अशा जागी घेऊन जातात जिथे सेमिनार कधी पोचत नाही. लस चांगली आहे, पण ती थंड ठेवणारी साखळी मध्येच तुटते त्याचं काय? गोळी मोफत आहे, पण ती आणायला दिवसाची मजुरी बुडते त्याचं काय? अशा प्रश्नांना प्रयोगशाळेत जागाच नसते.

(चर्चासत्रं, म्हणजे मंचावर चार जण, प्रत्येकी दहा मिनिटं आणि अध्यक्षांचा समारोप, यांना मी आता जात नाही. चौघंही एकमेकांशी सहमत असतात.)

एकच गोष्ट, दोन्हीकडून

दोन्ही मिळून काय होतं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे जलसंजीवनी, मीठ-साखरेचं ते साधं पाणी. ऑगस्ट १९६० मध्ये प्राग इथल्या एका वैज्ञानिक बैठकीत रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञाने मांडलं, की आतड्याच्या पेशींत ग्लुकोज शिरतं ते सोडियमचा हात धरून. दोघं जोडीने आत येतात. हा अस्सल सेमिनारचा मजकूर. प्रश्न पेशीच्या पडद्यावरच्या वाहतुकीचा होता, पटकीच्या साथीचा नव्हता. पण अर्थ मोठा होता : पटकीच्या रुग्णाचं आतडं पाणी बाहेर फेकत असलं तरी ही जोडवाट चालू असेल, तर मीठ आणि साखर एकत्र दिली की त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढलं जाईल.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या डॉक्टरांनी पटकीच्या प्रौढ रुग्णांवर हे दाखवून दिलं. तरीही तो इस्पितळातला, देखरेखीखालचा उपचार होता. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं, ते लावणारे हात तर त्याहून कमी. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांच्या पुड्या करवून घेतल्या आणि पाण्यात विरघळवून ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. छावणीत सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने संपादकीयात म्हटलं, की हा कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल.

प्राग ते बनगाव, अकरा वर्षं. सोडियम-ग्लुकोजची जोडी सापडली नसती तर त्या पुडीत काय घालायचं हे सांगता आलं नसतं. आणि ‘आई पाजू शकेल का?’ हा प्रश्न कोणी विचारला नसता, तर ती जोडी पाठ्यपुस्तकातली आकृती होऊन राहिली असती. हा दुसरा प्रश्न दिसतो सोपा, पण त्यासाठी डॉक्टरला आपल्या हातातली सुई सोडावी लागते.

उलटा प्रवासही होतो. डेक्सामेथासोन हे दाह कमी करणारं जुनं, स्वस्त औषध. कोविडमध्ये ते उपयोगी की घातक यावर मतं दोन्ही बाजूंची होती आणि दोन्हींकडे पेशीपातळीवरची कारणं तयार होती. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने निकाल दिला : व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत सुमारे एक पंचमांशाने, ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काही फायदा नाही. असं का, हे समजून घ्यायला मग पुन्हा प्रयोगशाळा.

तर तुम्ही कुठे जावं

संशोधनात शिरायचं असेल, पदव्युत्तर किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष असेल, तर सेमिनार. तोही बाहेरून आलेल्या मोठ्या पाहुण्यांचा नको, आपल्याच विभागातल्या चालू कामाचा. पाहुणा गोष्ट घोटून-घोटून गुळगुळीत करून आणतो. विभागातला पोस्टडॉक (पीएचडीनंतर संशोधन करणारा) मात्र फसलेला प्रयोगही दाखवतो आणि ‘इथे मला कळत नाहीये’ म्हणतो. दर आठवड्याला एकच काम ठरवा : एक आलेख नीट समजून घ्यायचा, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट, कोणता होता ते लिहायचं. बाकीचं गेलं तर जाऊ दे. जर्नल क्लब, म्हणजे एखादा शोधनिबंध मिळून चर्चेला घ्यायची बैठक, असेल तर तो आणखी बरा. तिथे शोधनिबंध आधीच हातात असतो.

परिचारिका, समाजकार्याचे विद्यार्थी, पत्रकार, अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्रातून आलेले लोक यांनी व्याख्यानाने सुरुवात करावी. डॉक्टरांनीही, असं मला वाटतं. समोरच्या खुर्चीतला रुग्ण बघायची सवय इतकी पक्की झालेली असते, की जे दवाखान्यापर्यंत आलेच नाहीत ते विसरायला होतं. संख्याशास्त्रवाल्यांना दोन्हीकडे लगेच भाव मिळतो, त्यांची काळजी करायला नको.

ज्यांना नुसतं कुतूहल आहे त्यांनी व्याख्यान घरी रेकॉर्डिंगवर बघितलं तरी चालेल. ती बहुधा नंतर उपलब्ध असतात. सेमिनारला मात्र प्रत्यक्षच जायला हवं, कारण त्यातला ऐवज शेवटच्या पंधरा मिनिटांत असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न विचारणाऱ्याचा आवाजच येत नाही.

कुठेही गेलात तरी एक बघा : वक्ता हितसंबंधांची (कोणाकडून पैसे घेतो ते सांगणारी) स्लाइड किती वेळ ठेवतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती गेली, तर पुढचं जरा सावधपणे ऐका.

तर तो गुरुवार. मी गोवराच्या व्याख्यानाला गेले. वक्त्याने सांगितलं, की गोवर इतका झपाट्याने पसरतो की त्याला रोखायला साधारण ९५ टक्के लोक सुरक्षित लागतात. मग लसीकरणाचा आलेख दाखवला. सरासरी त्या रेषेच्या आसपासच होती, तरी साथ आलेली. प्रश्नोत्तरांत मागून ओळखीचा आवाज आला. उंदरांचा हिशेब विचारणारी तीच मुलगी, यकृत सोडून इकडे आली होती. ‘हे लस न घेतलेले शंभरातले पाच,’ तिने विचारलं, ‘विखुरलेत की एकाच वर्गात बसतात? दहाच्या एका वर्गात पाच असतील, तर तो वर्ग अर्धा उघडाच आहे ना?’

वक्त्याने स्लाइड मागे नेल्या, एक, दोन, पाच, आणि मघाशी घाईत ओलांडलेला शाळानिहाय नकाशा पुन्हा पडद्यावर आणला. व्याख्यानाची वेळ संपून गेली होती. कोणी उठलं नाही.