सैल खुंट्या: जाड खुंटी की नवा पिनब्लॉक?

जुना पियानो सुरात लावून आठवडाभरात उतरत असेल, तर दोष बहुधा तारांचा नसून तारा ताणणाऱ्या खुंट्या धरून ठेवणाऱ्या पिनब्लॉकचा असतो. मेपलसारख्या कठीण लाकडाच्या थरांची ही फळी सुमारे 230 तारांचा, म्हणजे एकूण 15 ते 20 टनांचा ताण वर्षानुवर्षे पेलते, आणि लाकूड सुकले की भोके सैल होतात.

पहिला पर्याय म्हणजे साधारण 7 मिलिमीटरच्या मूळ खुंटीऐवजी किंचित जाड खुंटी ठोकणे. काम कमी खर्चाचे, थोड्या दिवसांत होणारे आणि फळीला तडे गेलेले नसतील तर पुरेसे आहे. मात्र भोकाभोवती तडा असल्यास जाड खुंटी पाचरीसारखी तो आणखी रुंदावते.

दुसऱ्या पर्यायात सर्व तारा उतरवून, बिडाची जड चौकट उचलून, नवी फळी घासून चौकटीच्या कडेला तंतोतंत बसवावी लागते. कारागिराचे खरे कसब येथेच दिसते, कारण फट राहिली तर ताण येताच फळी सरकते आणि सूर पुन्हा ढळतो. चांगल्या ग्रँड पियानोसाठी हा खर्च मला योग्य वाटतो; सामान्य अपराइट, म्हणजे उभ्या पियानोमध्ये फळी पाठीच्या सांगाड्यात चिकटवलेली असल्याने तो क्वचितच परवडतो.

मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगून सैल खुंटीही घट्ट भासते, त्यामुळे पकड कोरड्या हवेतच तपासून निर्णय घ्यावा.